मालक कुठे आहेत?

२२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी शिरले, तेव्हा आमच्या घरात ते माळ्याच्या तुळईला टेकले होते. मागच्या पडवीचे छप्पर आणि एक भिंत कोसळली. पाणी ओसरल्यावर अकराव्या दिवशी विमा कंपनीचा सर्व्हेअर पाहणीला आला. ओटीवर उभा राहून त्याने पहिला प्रश्न विचारला, "मालक कुठे आहेत?"

मालक, म्हणजे माझा नवरा, एप्रिलमध्ये करोनाने गेला होता. मी तसे सांगितले. सर्व्हेअर तसा भला मुलगा होता, वरमला. मग म्हणाला, "मग घरातलं दुसरं कुणी मोठं माणूस आहे का? माहिती घ्यायची होती."

मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होते. त्या घरात चौतीस वर्षे राहिले होते. कुठले कौल गळते, कुठला वासा कधी बदलला, कुठल्या भिंतीला पावसाळ्यात ओल धरते हे त्या घरात माझ्याइतके कुणालाच माहीत नव्हते. तरी माहिती द्यायला मी पुरेशी मोठी नव्हते. शेवटी शेजारचे काका आले, त्याच्याबरोबर हिंडले, आणि प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे वळून "काय गं?" असे विचारत राहिले. मी सांगायचे, काका ते पुन्हा सांगायचे, तो लिहून घ्यायचा.

मैत्रिणींनो, इतकी वर्षे चळवळीत काढून, मालमत्तेच्या हक्कावर शिबिरे घेऊन माझ्या स्वतःच्या घरात ही गोष्ट घडली. म्हणून लिहिते आहे. विमा हा विषय आपल्या बैठकांत फारसा येत नाही. तो पैसेवाल्यांचा किंवा पुरुषांनी बघायचा व्यवहार, असे आपणही धरून चालतो. पण जुन्या घराची पाहणी होते तेव्हा घर कोणाचे आणि घरातले श्रम कोणाचे, हे दोन्ही प्रश्न एकाच तक्त्यावर येतात. आपण तिथे नसलो तर दोन्हींची उत्तरे आपल्याविना लिहिली जातात.

आधी घराविषयी. सासऱ्यांनी ते १९६२ साली विकत घेतले, तेव्हाच ते तीसेक वर्षांचे होते. जांभ्याच्या भिंती, पण दगड मातीत रचलेले, वरून चुन्याचा गिलावा. मंगलोरी कौले, सागाच्या तुळया. २०१६ मध्ये सगळे छप्पर नवे केले. त्यासाठी बँकेचे दोन लाखांचे कर्ज काढले आणि बँकेने कर्जाबरोबर घराचा सहा लाखांचा विमाही उतरवला. दर फेब्रुवारीत हप्ता खात्यातून परस्पर कापला जाई. पॉलिसीचा कागद मी पुरापूर्वी एकदाही पाहिला नव्हता. नवऱ्यानेही नीट वाचला असेल असे वाटत नाही. विमा फक्त इमारतीचा होता, आतल्या सामानाचा नव्हता, हे आम्हाला पाण्यात सगळे गेल्यावर कळले.

पाहणीच्या आधीच पहिला पेच उभा राहिला. कंपनीच्या फोनवरून सांगितले होते, "सर्व्हेअर येईपर्यंत काही हलवू नका." सांगणाऱ्याने पुराचा गाळ कधी पाहिला नसावा. गुडघाभर चिखल, त्यात कुजलेले धान्य, मेलेली जनावरे, त्याचा वास. बाहेरगावाहून आलेली पोरे फावडी घेऊन दारात उभी, आणि मी त्यांना थांबा म्हणायचे? घर स्वच्छ करणे हे बाईचे काम, आणि ते केले की नुकसानीचा पुरावा बाईनेच पुसला असे ठरणार. माझा फोनही पाण्यात गेला होता. एका कार्यकर्त्या मुलीने तिच्या फोनवर प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचे फोटो काढले आणि मग आम्ही गाळ उपसला. त्या फोटोंनी पुढे आम्हाला तारले.

आता पाहणी. सर्व्हेअरच्या हातातल्या तक्त्यात बांधकामाचा प्रकार, वर्ष, क्षेत्रफळ आणि मालकाचे नाव असे रकाने होते. माजघराच्या भिंतीतली फट बघून तो म्हणाला, "ही आधीचीच दिसते." बरोबर होते. ती १९६७ च्या कोयनेच्या भूकंपातली. सासूबाई नेहमी दाखवायच्या. पण मागच्या भिंतीतली फट ताजी होती. सांध्यांतली माती धुऊन गेली होती, दगड मोकळे झाले होते. त्याने दोन्हींपुढे एकच शब्द लिहिला : झीज.

विम्याच्या भाषेत हा शब्द फार महत्त्वाचा आहे. पुराने झालेले नुकसान कंपनी भरून देते, काळाने झालेली झीज देत नाही. घर जितके जुने तितके 'झीज' म्हणायला सोपे. त्यात तेव्हाची आमची पॉलिसी जुन्या पद्धतीची होती. तिच्यात दुरुस्तीच्या खर्चातून घराच्या वयानुसार घसारा वजा होई. शिवाय घराच्या किमतीपेक्षा कमी रकमेचा विमा असेल तर त्या प्रमाणात भरपाईही कमी होई. नऊ लाखांच्या घराचा सहा लाखांचा विमा असला, तर तीन लाखांच्या नुकसानीला दोनच लाख मिळायचे. याला सरासरीचे कलम म्हणतात. दुरुस्तीचा अंदाज पाच लाख चाळीस हजारांचा होता. सर्व्हेअरने काही बाबी वगळल्या, उरलेल्यातून सरसकट साठ टक्के घसारा कापला, त्यावर सरासरी लावली, आणि आकडा आला एक लाख बारा हजार.

मी लेखी अर्ज करून अहवालाची प्रत मागितली. त्यात घराचे वय 'अंदाजे ९० वर्षे' लिहिले होते आणि त्याच हिशेबाने छपरावरही घसारा लावला होता. पण छप्पर पाच वर्षांचे होते! ज्या बँकेने हा विमा काढला, तिच्याच कर्जाच्या फायलीत सुताराचे अंदाजपत्रक आणि पावत्या होत्या. आमच्याकडच्या प्रती वाहून गेल्या होत्या, बँकेतल्या शाबूत होत्या. आणखी एक पुरावा होता. सासूबाईंच्या हिशेबाच्या वह्या माळ्यावरच्या ट्रंकेत वाचल्या होत्या. त्यांत दर वैशाखात नोंद आहे : कौले परतली, गडी इतके, मजुरी इतकी, वाळवीचे औषध, मागच्या भिंतीला गिलावा. सासूबाईंच्या मागे मीही तशाच नोंदी ठेवल्या. त्या वह्यांकडे सर्व्हेअर आधी हसला होता.

मला मात्र त्या वह्या पुन्हा वाचताना रडू आले. घर नव्वद वर्षे उभे राहते ते आपोआप राहत नाही. दर वर्षी कुणीतरी कौले उतरवून घेते, गड्यांना जेवायला घालते, ओल पुसते, भोके बुजवते, वाळवीची रेघ दिसली की रॉकेल घेऊन धावते. घराची झीज रोज भरून काढणारे हात बाईचे असतात. त्याची मजुरी नाही, पावती नाही. म्हणून हिशेबाच्या वेळी ती सगळी वर्षे झीज म्हणून वजा होतात. घरकामाला श्रम मानत नाहीत हे आपण भाषणात म्हणतो. इथे ते टक्केवारीत लिहून मिळाले.

कंपनीच्या तक्रार विभागाला पत्र लिहिले. महिनाभर उत्तर नाही. मग विमा लोकपालांकडे तक्रार केली. तिथे फी नसते, वकील लागत नाही. सुनावणीत कंपनीने छपराचा घसारा कमी करायचे मान्य केले. पुरानंतर चौदा महिन्यांनी एक लाख अठ्ठावन्न हजार मंजूर झाले. त्यातले एक्केचाळीस हजार उरलेल्या कर्जापोटी बँकेने आधी घेतले. हातात एक लाख सतरा हजार आले. हा काही मोठा विजय नव्हे. पण त्या रकमेतला फरक आम्ही कागदावर मिळवला, एवढे खरे.

आता जी गोष्ट सांगायला मला जड जाते ती सांगते.

दावा मंजूर करताना कंपनीने मालकीचे कागद मागितले. पॉलिसी नवऱ्याच्या नावाने, पण मिळकत पत्रिकेवर अजून सासऱ्यांचे नाव! ते १९९१ मध्ये मृत्युपत्र न करता गेले. सासूबाई २००९ मध्ये गेल्या. तीस वर्षांत वारसनोंद करायचे कुणाला सुचले नव्हते. आमचा हिशेब असा : घर सासऱ्यांचे स्वकष्टार्जित, म्हणून १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने त्यांच्या दोन मुलांचा आणि दोन मुलींचा सारखा वाटा. इथे महाराष्ट्राच्या १९९४ च्या किंवा केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीतल्या सहदायक हक्काचीही गरज नव्हती. माझ्या दोन्ही नणंदा पहिल्यापासून घरात वाट्याच्या मालकीण होत्या, आणि सासूबाईंच्या मागे प्रत्येकी चौथ्या हिश्श्याच्या. नवऱ्याच्या चौथ्या हिश्श्यात मी आणि माझी मुलगी. म्हणजे ज्या घरात मी चौतीस वर्षे काढली त्यातला माझा वाटा आठवा.

एजंट म्हणाला, "ताई, सोपं करू. नणंदांकडून हक्कसोड पत्र घ्या. दिरांचं काय ते नंतर बघू. नावं कमी तेवढा क्लेम लवकर." मुंबईहून दिरांचाही फोन आला, "वहिनी, त्या दोघींच्या सह्या घेऊन टाका. त्या काही नाही म्हणायच्या नाहीत."

आणि मी तो विचार केला. एक रात्र नव्हे, आठ दिवस केला. नव्वदीच्या सुरुवातीला शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीविषयी आम्ही गावोगाव बोललो होतो. रक्षाबंधनाच्या ओवाळणीत भाऊ साडी देतो आणि बहीण जमीन देते, हे वाक्य मी स्वतः किती सभांत म्हटले असेन. पण आता घर पडलेले, नवरा गेलेला, अंगावर कर्ज. मनात आले, वन्संना काय कमी आहे? त्या कुठे इथे राहतात? कौले तर मी परतली. प्रत्येक भाऊ जे बोलतो तेच शब्द माझ्या मनात आले, आणि ते मला अगदी न्याय्य वाटत होते.

थोरल्या वन्संना फोन केला. आढेवेढे घेत विषय काढला. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "अगं, सही देते. पण मला सांग, ही विम्यासाठी हवी की घरासाठी? विम्यासाठी असेल तर पैसे तुला द्यायला माझी हरकत नाही असं लिहून देते. घरासाठी असेल तर तसं सांग. बाबा गेले तेव्हापासून मला कुणी विचारलंच नाही."

त्या बोलल्या ते कायद्यानेही अचूक होते. दाव्याची रक्कम एका वारसाला द्यायची तर बाकीच्यांचे ना-हरकत पत्र आणि हमीपत्र पुरते. हक्कसोड म्हणजे घरातला वाटाच कायमचा सोडणे, त्याची नोंदणी करावी लागते. दोन्हींचा घोळ घालून किती बायकांच्या सह्या घेतल्या जात असतील! पूर, भूकंप, आग यांनंतर कागद जमवण्याची घाई असते. त्या घाईत बहिणीचा वाटा गळतो आणि तो गाळायला अनेकदा भावजयच पुढे केली जाते. व्यवस्था दोन बायकांना समोरासमोर उभी करते आणि स्वतः बाजूला होते, हे आपण ऐकत आलो. त्या आठवड्यात ते माझ्या घरात चालले होते.

मी ना-हरकत पत्रे घेतली, हक्कसोड घेतले नाही. मिळकत पत्रिकेवर आता पाच नावे आहेत : दीर, दोन्ही वन्सं, मी, माझी मुलगी. कागद जमवायला पाच महिने जास्त लागले. धाकट्या वन्सं २०२२ च्या गणपतीत चार दिवस राहून गेल्या. जाताना म्हणाल्या, "पहिल्यांदाच पाहुणी नाही वाटलं." राहत्या घरात मुलीला वाटणी मागता येऊ नये असे १९५६ च्या कायद्यातच एक कलम होते, तेविसावे. मुलगे आपसात वाटणी करीत नाहीत तोवर मुलींनी मागायची नाही आणि लग्न झालेल्या, नांदत्या मुलीला तिथे राहायचाही हक्क नाही. ते कलम २००५ मध्ये गेले. मनातून जायला वेळ लागतो आहे, माझ्याही.

काही मैत्रिणी म्हणतील, ज्यांच्याकडे घर आहे आणि विमा आहे त्यांचे हे प्रश्न. झोपडीतल्या, भाड्याच्या खोलीतल्या, टाकलेल्या बाईचे काय? आक्षेप रास्त आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, मालकी दिली नाही. भाडेकरू बाईला भिंतींचा नाही तरी आपल्या सामानाचा विमा घेता येतो, पण हे तिला कोण सांगते? शिवाय सामान म्हणजे तरी काय? आमच्या गटातल्या एकीची दोन शिलाई यंत्रे पुरात गेली, दुसरीची आमसुले आणि मसाल्याचे डबे गेले. घरगुती विम्यात घरवापराचे सामान धरतात. धंद्याच्या वस्तूंना लघुउद्योगाची वेगळी पॉलिसी लागते. ज्या बाईचे घर हेच कारखाना, तिचे यंत्र घरात मोजत नाहीत आणि तिला उद्योजकही कुणी म्हणत नाही. हा प्रश्न आपलाच आहे, आणि तो उचलायला हवा.

तोवर जुन्या घरात राहणाऱ्यांसाठी अनुभवातून आलेल्या काही गोष्टी.

एक. घरावर कुठला विमा आहे का, कोणाच्या नावाने, किती रकमेचा, इमारतीचा की सामानाचाही, हे आजच काढून बघा. घरकर्ज असेल तर बँकेत विचारा.

दोन. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात आग, पूर, वादळ, भूकंप, दरड हे सगळे येते. रक्कम घर पुन्हा बांधायच्या खर्चावर ठरते आणि सरासरीचे कलम लागत नाही. इमारतीच्या रकमेच्या वीस टक्के, पण दहा लाखांपर्यंत, घरातले सामान आपोआप धरले जाते. झीज मात्र हिच्यातही वगळलेली आहे.

तीन. जुने घर म्हणून विम्याआधी पाहणी झाली तर घाबरू नका आणि काही लपवू नका. आमची २०२२ मध्ये झाली. एजंट अर्जावर भिंती सिमेंटच्या लिहायला निघाला होता, मी 'जांभा, मातीत रचलेला; कौलारू' असे लिहायला लावले. चुकीचे वर्णन आज हप्ता सोपा करते आणि उद्या दावा बुडवते. परवानाधारक वायरमनकडून वायरिंग तपासून त्याचा कागद घ्या. छप्पर, वायरिंग, भिंती यांचे वय वेगवेगळे लिहा. घर नव्वदचे असेल, छप्पर पाचचे असू शकते.

चार. वही ठेवा. दुरुस्तीची तारीख, मजुरी, साधी का होईना सही केलेली पावती, वर्षातून एकदा प्रत्येक खोलीचे फोटो. प्रती दुसऱ्या गावी ठेवा.

पाच. सर्व्हेअर आला की बरोबर तुम्हीच हिंडा. नवे नुकसान आणि जुनी खूण वेगळी दाखवा आणि तसे लिहून घ्यायला सांगा. त्याची फी कंपनी देते, तुम्ही काही द्यायचे नाही. अहवालाची प्रत लेखी मागा. कागद नाहीत म्हणून दावा फेटाळू नये, असे विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावले आहे. नकार आलाच तर कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि दाद लागली नाही तर वर्षाच्या आत लोकपालांकडे जा. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे.

सहा, आणि सर्वांत आधी करायचे. घराच्या कागदावर आपले नाव आहे का बघा. खेड्यात 'घर दोघांचे' या २००३ च्या मोहिमेत नमुना आठवर बायकोचे नाव लागले असेल, पण ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. निवासी घराचा वाटा नवऱ्याने बायकोला बक्षीसपत्राने दिला तर महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. वरचे अधिभार नि नोंदणीचा खर्च निबंधक कार्यालयात विचारून घ्या. आणि वारसनोंद करताना बहिणींची नावे लावा. त्यांनी मागायची वाट पाहू नका.

विमा कंपन्यांकडे आणि नियामकांकडे आपल्या मागण्या साध्या आहेत. अर्ज, पॉलिसी आणि अहवाल मराठीत मिळावेत. पाहणीच्या तक्त्यात घरात राहून ते सांभाळणाऱ्या व्यक्तीचे म्हणणे नोंदवायला रकाना असावा. घरातून काम करणाऱ्या बाईची यंत्रे आणि कच्चा माल घरगुती विम्यात धरावा. वारसांच्या ना-हरकत पत्राचा नमुना कंपनीनेच द्यावा, म्हणजे एजंट हक्कसोडाची वाट दाखवणार नाही.

पुढच्या बैठकीत आमच्या गटाने ठरवले आहे की प्रत्येकीने आपल्या घराचे कागद घेऊन यायचे. नाहीत म्हणणाऱ्यांनी 'नाहीत' हे तरी लिहून आणायचे. तुमच्याही गटात हे करून पाहा आणि काय निघाले ते या अंकाच्या पत्त्यावर कळवा. पाऊस दर वर्षी येतो, आणि पाहणीला येणारा माणूस ओटीवर उभा राहून तोच प्रश्न विचारणार आहे. तेव्हा उत्तर द्यायला शेजारच्या काकांना बोलवावे लागू नये.